ख्यालीखुशालीची पत्रे : डाउन येथील डार्विन कुटुंब

इतिहासाच्या साधनांमध्ये घरगुती पत्राला फारसा मान मिळालेला नाही. तह, सनदा, न्यायनिवाडे, मुत्सद्द्यांचा पत्रव्यवहार ही साधने इतिहासकार आधी हाती घेतो. कोणाच्या घरी कोण चार दिवस राहून गेले, कोणत्या मुलाला ताप आला, कोणाचे लग्न ठरले, असल्या मजकुराची पत्रे तो चाळतो आणि बाजूला ठेवतो. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) इंग्लंडने अशी पत्रे विपुल प्रमाणात मागे ठेवली आहेत. त्यांचा उपयोग बहुधा थोर पुरुषांच्या चरित्रांत रंग भरण्यापुरता केला जातो. प्रस्तुत लेखात ज्या घराचा विचार करावयाचा आहे, तेही एका थोर पुरुषाचेच घर आहे. तथापि तेथील ख्यालीखुशालीची पत्रे वाचली म्हणजे असे दिसते की, हा मजकूर त्या घराच्या आयुष्याची नुसती किनार नव्हता. आजार, मृत्यू आणि अविश्रांत काम यांचा भार वाहणारी ती एक व्यवस्था होती, आणि ती मुख्यतः स्त्रियांनी चालविली होती.

हे घर म्हणजे केंट परगण्यातील डाउन हाउस. चार्ल्स डार्विन आणि त्याची पत्नी एमा १८४२ च्या सप्टेंबरात लंडन सोडून तेथे राहावयास आली. लंडनपासून अंतर सुमारे सोळा मैल. त्या काळी जवळचे म्हणावे असे रेल्वे स्टेशनदेखील आठ-दहा मैलांवर होते. ऑर्पिंग्टनचे स्टेशन १८६८ मध्ये झाले तेव्हा कोठे हे अंतर निम्म्यावर आले. त्यामुळे या घरी येणारा पाहुणा तासाभराच्या भेटीसाठी येत नसे. तो येई तो सामानसुमान घेऊन, आणि काही दिवस, प्रसंगी काही आठवडे मुक्काम करी. पाहुणा केव्हा येणार, कोणत्या गाडीने येणार, त्याला आणावयास गाडी केव्हा पाठवावयाची, हे सारे आधी पत्रांनी ठरवावे लागे. भेट आणि पत्र या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्याच. भेटीची तयारी पत्राने होई आणि भेट संपली की तिचा वृत्तान्त पुन्हा पत्रानेच तिसऱ्या घरी पोहोचे.

ही सोय नुकतीच स्वस्त झाली होती. १० जानेवारी १८४० रोजी इंग्लंडमध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले. त्यापूर्वी पत्राचे हशील अंतर आणि कागदांची संख्या यांवर आकारले जाई व बहुधा ते पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. साहजिकच एकाच कागदावर आडवे लिहून झाल्यावर त्याच ओळींवरून पुन्हा उभे लिहिण्याची रीत पडली होती. पार्लमेंटच्या सभासदांना पत्रे विनामूल्य पाठविण्याची सवलत असे, म्हणून नात्यातील वा ओळखीतील सभासदाची सही मिळविण्याची धडपड चाले. रोलंड हिलच्या सुधारणेने ही सवलत रद्द झाली आणि अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. एमा आणि चार्ल्स यांचे लग्न २९ जानेवारी १८३९ रोजी झाले होते. म्हणजे त्यांचा संसार आणि स्वस्त टपाल ही जवळजवळ बरोबरीनेच सुरू झाली.

ज्या गोतावळ्यात ही पत्रे फिरत, तो मराठी वाचकाला चटकन ओळखू यावा असा आहे. चार्ल्सची आई सुझाना ही एमाचे वडील दुसरे जोसाया वेजवुड यांची बहीण. अर्थात एमा ही चार्ल्सची मामेबहीण. चार्ल्सची थोरली बहीण कॅरोलाइन १८३७ मध्ये एमाचा थोरला भाऊ तिसरा जोसाया याला दिलेली होती. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तोच हा प्रकार. पुढे एमाची बहीण शार्लट १८६२ मध्ये वारली, तेव्हा तिच्या विधुर पतीशी चार्ल्सची धाकटी बहीण कॅथरीन हिने १८६३ मध्ये लग्न केले. एमाचा भाऊ हेन्स्ली याची पत्नी फॅनी ही एमाची भावजय तर होतीच, शिवाय मावसबहीणही होती. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातून आलेली वेजवुडांची संपत्ती आणि वैद्यकी व गुंतवणूक यांतून आलेली डार्विनांची संपत्ती अशा रीतीने दोनच घरांत फिरत राहिली. संपत्तीबरोबर बातम्याही त्याच वाटांनी फिरत. एका घरचे पत्र दुसऱ्या घरी वाचून तिसऱ्या घरी पाठविले जाई. लिहिणारीला ठाऊक असे की, आपले अक्षर एकाच व्यक्तीच्या हाती राहणार नाही. म्हणून या पत्रांत एक प्रकारचा मोकळेपणा आहे आणि त्याचबरोबर एक प्रकारची सावधगिरीही आहे.

या फॅनीच्या घराण्याचा मुंबईशी असलेला संबंध येथे सांगण्यासारखा आहे. तिचे वडील सर जेम्स मॅकिंटॉश हे १८०४ ते १८११ या काळात मुंबईत रेकॉर्डर, म्हणजे राजाच्या न्यायालयाचे न्यायाधीश होते. १८०४ मध्ये त्यांनी मुंबईत लिटररी सोसायटीची स्थापना केली. आजची मुंबईची एशियाटिक सोसायटी ही तिचीच वारस. फॅनीची आई कॅथरीन ॲलन ही एमाची सख्खी मावशी. या ॲलन बहिणी पुष्कळ होत्या आणि लग्नानंतर त्या दूरदूर पांगल्या होत्या. त्यांपैकी जेसी इतिहासकार सिस्माँदी याची पत्नी म्हणून जिनीव्हात राहत असे आणि तेथून भाचीला लांबलचक पत्रे लिही. मावश्यांकडून भाच्यांकडे आणि भाच्यांकडून त्यांच्या मुलींकडे लिहिण्याची ही सवय वारशासारखी आली.

डाउन येथे पत्रांना दिनक्रमात ठरलेली जागा होती. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या दिनचर्येचे वर्णन करून ठेवले आहे. सकाळी आठ ते साडेनऊ ही डार्विनची कामाची उत्तम वेळ. साडेनऊला तो दिवाणखान्यात येई, टपाल पाही आणि मग कोचावर पडून कुटुंबातील पत्रे वाचून घेई. कादंबरीचे वाचनही चाले. साडेदहाला तो पुन्हा अभ्यासिकेत जाई. सायंकाळी नवरा-बायको सोंगट्यांचा बॅकगॅमन हा खेळ खेळत आणि डार्विन त्याचा हिशेब ठेवी. १८७६ च्या जानेवारीत अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात त्याने मोठ्या अभिमानाने आकडे दिले आहेत: एमाने जिंकलेले डाव २,४९०, त्याने स्वतः जिंकलेले २,७९५. वनस्पतींवरील चर्चेच्या पत्रात हा मजकूर यावा, यातच या घरची रीत दिसते. घर आणि अभ्यासिका यांच्या मधले दार कधी पुरते बंद नव्हते.

एमाच्या हातच्या लहान खिसावह्या शिल्लक आहेत. मधली काही वर्षे सोडता त्या १८२४ पासून तिच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, म्हणजे १८९६ पर्यंत पसरलेल्या आहेत. त्यांत भावना शोधणाऱ्याची निराशा होते. अमुक आले, अमुक गेले, आज मुलाला ताप, आज चार्ल्सला बरे नाही, अशा दोन-दोन, चार-चार शब्दांच्या त्या नोंदी आहेत. परंतु सलग वाचल्यावर त्यांतून एका गृहिणीच्या लक्ष देण्याचा आवाका कळतो. तिला दहा मुले झाली. पती आयुष्यभर पोटाच्या आणि अशक्तपणाच्या विकाराने ग्रासलेला. अर्धा तास उत्साहाने बोलणे झाले तरी त्याला रात्री त्रास होई. त्यामुळे कोणाला बोलवावे, कोणाला पुढे ढकलावे, जेवणानंतर किती वेळ बोलू द्यावे, हे एमाला ठरवावे लागे. हूकर, लायल, हक्सली यांच्यासारखी मंडळी ज्या घरी निवांतपणे चर्चा करू शकली, त्या घराचा निवांतपणा असा रोजच्या रोज राखावा लागत होता.

या व्यवस्थेची सर्वांत कठीण परीक्षा १८५१ च्या एप्रिलमध्ये झाली. दहा वर्षांची ॲनी ही डार्विन दांपत्याची थोरली मुलगी काही महिन्यांपासून आजारी होती. मार्चच्या अखेरीस तिला डॉक्टर गली यांच्या जलोपचारासाठी मॉल्व्हर्न येथे नेण्यात आले. तिच्या सोबत धाकटी बहीण हेन्रिएटा आणि दाई होती. एप्रिलच्या मध्यास तिची प्रकृती एकाएकी बिघडली आणि १७ तारखेला डार्विन तेथे पोहोचला. एमाला निघता आले नाही, कारण तिचे दिवस भरत आले होते. त्या आठवड्यात नवरा-बायकोमध्ये रोज पत्रे गेली. मुलीने काय घेतले, किती वेळ झोप लागली, नाडी कशी आहे, ती काय बोलली, याचे बारीक वर्णन डार्विन प्रहराप्रहराने लिहीत होता. पत्र पोहोचावयास एक दिवस लागे. म्हणजे एमा डाउन येथे जे वाचत होती ते आदल्या दिवशीचे असे, आणि तिने लिहिलेली आशा किंवा काळजी मॉल्व्हर्नला पोहोचेपर्यंत तेथील स्थिती पालटलेली असे. कागदावर दोघांचे संभाषण सलग दिसते, प्रत्यक्षात मात्र ते एकमेकांशी एका दिवसाच्या फरकाने बोलत होते. एकेका पत्रातील थोडी बरी बातमी वाचून एमाला वाटलेला दिलासा म्हणूनच आज वाचवत नाही.

अशा वेळी मदतीस आली ती फॅनी. स्वतःचा संसार लंडनमध्ये सोडून ती मॉल्व्हर्नला गेली, रुग्णाच्या उशाशी बसली आणि एमालाही पत्रे लिहीत राहिली. २३ एप्रिलला ॲनी गेली. दुसऱ्याच दिवशी डार्विन घरी परतला. एमाजवळ असणे अधिक जरुरीचे आहे, असे सर्वांचे मत पडले. मुलीचे दफन झाले तेव्हा आईबाप दोघेही तेथे नव्हते; त्या सोपस्काराचा भार फॅनीने उचलला. आठवडाभरात डार्विनने ॲनीच्या आठवणींचे एक टिपण लिहून ठेवले आणि १३ मे रोजी एमाने होरेस या मुलाला जन्म दिला. ॲनीची लेखनपेटी आईने जपून ठेवली. तीत टाक, पिसांच्या लेखण्या, पत्रांचे कागद आणि पाकिटे मिटण्याचे साहित्य होते. डार्विनच्या खापरपणतूंपैकी रँडल केन्स याने २००१ मध्ये या पेटीवरून एक पुस्तक लिहिले. दहा वर्षांच्या मुलीची स्वतःची लेखनपेटी असावी, यावरून या घरात पत्र लिहिण्याचे शिक्षण किती लवकर सुरू होत असे ते कळते.

सात वर्षांनी घरची बातमी आणि विज्ञानाचा इतिहास यांची गाठ पडली. १८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे टर्नाटे बेटावरून पाठविलेले पाकीट डाउनला आले. डार्विन ज्या सिद्धान्तावर वीस वर्षे काम करीत होता, तोच सिद्धान्त त्यात स्वतंत्रपणे मांडलेला होता. याच सुमारास हेन्रिएटाला घटसर्प झाला आणि लौकरच सर्वांत धाकटा मुलगा चार्ल्स वेअरिंग लाल तापाने आजारी पडला. गावात त्या तापाने मुले दगावत होती. २८ जूनला हे दीड वर्षाचे मूल गेले. दुसऱ्या दिवशी डार्विनने हूकरला दोन पत्रे लिहिली. एकात मुलाच्या मृत्यूचा मजकूर आहे. दुसऱ्यासोबत त्याने आपले जुने लेखन पाठवून दिले, आणि अग्रमानाचा विचार करणेही आता आपल्याला क्षुद्र वाटते असा भाव व्यक्त केला. १ जुलैला लंडनच्या लिनीअन सोसायटीत हूकर आणि लायल यांच्या पुढाकाराने वॉलेस व डार्विन या दोघांचे लेख वाचले गेले. डार्विन सभेला नव्हता. वॉलेसही नव्हता, तो पूर्वेकडील बेटांवर होता आणि त्याला यातले काही ठाऊकही नव्हते.

विज्ञानाच्या इतिहासात ही कथा बहुधा येथे थांबते. घरची पत्रे ती पुढे नेतात. उरलेल्या मुलांना संसर्गापासून दूर ठेवण्यासाठी ससेक्समध्ये एमाची अविवाहित बहीण एलिझाबेथ हिच्या घरी पाठविण्यात आले. मागाहून आईबापही तेथे गेले आणि तेथून सर्व मंडळी वाइट बेटावर समुद्रकाठी राहावयास गेली. तेथेच जुलै महिन्यात डार्विनने आपल्या सिद्धान्ताचा संक्षेप लिहावयास घेतला. तोच संक्षेप वाढत जाऊन नोव्हेंबर १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ म्हणून बाहेर पडला. त्या ग्रंथामागे मावशीचे घर होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अशा दुःखांनी मित्रांची कुटुंबेही जोडली गेली. १८६० च्या सप्टेंबरात हक्सलीचा लहान मुलगा लाल तापाने गेला. पुढील वर्षी एमाने त्याच्या पत्नीला मुलांसह डाउनला विसाव्यासाठी बोलावून घेतले. १८६३ मध्ये हूकरची सहा वर्षांची मुलगी वारली, तेव्हा तासाभराच्या आत त्याने डार्विनला पत्र लिहिले. ॲनीला गमावलेल्या बापाला आपले दुःख कळेल, हे त्याला ठाऊक होते. ज्या मैत्रीमुळे हे विद्वान जाहीर वादांत एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले, तिचा पाया पुष्कळसा या खाजगी पत्रांनी घातला होता.

नात्यातील बातम्यांचा उपयोग डार्विनने संशोधनासाठीही केला. थोरला मुलगा विल्यम १८३९ मध्ये जन्मला तेव्हापासून त्याने बाळाच्या हालचालींची वही ठेवली. तिच्यात पुढे एमाच्या हातच्याही नोंदी आहेत. या वहीवरून लिहिलेला लेख १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आला. त्याच्या चिंतांपैकी एक चिंता तर सरळ गोतावळ्यातूनच आली होती. मामेबहिणीशी लग्न केल्यामुळे मुलांना दुबळी प्रकृती मिळाली की काय, या शंकेने तो बेचैन असे. १८७१ च्या जनगणनेत आते-मामे भावंडांच्या विवाहांविषयी प्रश्न घालावा, असा प्रयत्न त्याने १८७० मध्ये शेजारी व पार्लमेंटचे सभासद जॉन लबक यांच्यामार्फत केला. पार्लमेंटने तो फेटाळला. मग मुलगा जॉर्ज याने हा अभ्यास हाती घेतला आणि १८७५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा विवाहांचे दुष्परिणाम समजले जातात तेवढे मोठे नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

हे सर्व सांगितल्यावर या पत्रांत काय नाही हेही पाहिले पाहिजे. लग्नानंतर लौकरच एमाने नवऱ्याला त्याच्या धर्मविषयक संशयासंबंधी एक पत्र लिहिले होते. एकाच घरात राहत असूनही हे तिला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे वाटले. डार्विनने ते पत्र जन्मभर जपले आणि त्याखाली आपण ते वारंवार चुंबून रडलो आहोत अशा अर्थाची ओळ लिहून ठेवली. परंतु घराघरांतून फिरणाऱ्या पत्रांत या मतभेदाला जागा नव्हती. डार्विनच्या आत्मवृत्तातील धर्मासंबंधीचे काही भाग १८८७ च्या प्रकाशनात कुटुंबाच्या इच्छेने गाळण्यात आले. नात नोरा बार्लो हिने १९५८ मध्ये ते परत घातले. एमाची कौटुंबिक पत्रे हेन्रिएटाने संपादित करून १९०४ मध्ये घरच्यांपुरती आणि १९१५ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध केली. मुलीने निवडलेली आईची पत्रे म्हणून ती वाचावयास हवीत.

नोकरमंडळींच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. जोसेफ पार्स्लो हा बटलर सुमारे साडेतीन दशके या घरात होता. ॲनीच्या उशाशी बसलेली दाई जेसी ब्रॉडी त्याच वर्षी घर सोडून गेली. त्यांच्याविषयीचा मजकूर पत्रांत आहे. त्यांची स्वतःची बाजू त्यात फारशी ऐकू येत नाही. बिछाने, जेवणे, गरम पाणी, स्टेशनावर नेआण, यांतले बहुतेक कष्ट त्यांचे होते. पेनीचे टपाल सर्वांना परवडणारे असले तरी पत्रे दीडशे वर्षे जपून ठेवण्यास लागणारी कपाटे आणि वारसदार सर्वांना लाभत नाहीत.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यसंस्काराला एमा गेली नाही. ती डाउनलाच राहिली. त्याआधी १८७६ मध्ये फ्रान्सिसची पत्नी बाळंतपणात गेली होती, आणि अडुसष्टाव्या वर्षी एमाच्या अंगावर पुन्हा एका तान्ह्या नातवाची जबाबदारी आली होती. वैधव्यात ती हिवाळा केंब्रिजला आणि उन्हाळा डाउनला घालवी, आणि लग्न होऊन गेलेल्या हेन्रिएटाला नित्य पत्रे लिही. २ ऑक्टोबर १८९६ रोजी ती निवर्तली.

डार्विनचा पत्रव्यवहार १९८५ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला आणि तीस खंडांत पुरा झाला. त्यात पंधरा हजारांहून अधिक पत्रे आहेत. त्यात कबुतरे, बार्नॅकल, वेली आणि गांडुळे यांच्या शेजारी तापाच्या, पाहुण्यांच्या आणि बाळंतपणांच्या बातम्या छापल्या आहेत, आणि संपादकांनी त्या वेगळ्या काढलेल्या नाहीत. हा निर्णय योग्यच होता. ज्या सकाळी डार्विन कामाला बसू शकला, ती सकाळ त्याला कोणीतरी मिळवून दिलेली असे. कोणी, आणि काय सोसून, याचे उत्तर त्याच्या ग्रंथांत सापडत नाही. ते मुक्कामाच्या तारखा आणि नाडीचे ठोके लिहिलेल्या या साध्या कागदांत सापडते.